आल्प्सच्या कुरणात लव्हाळा उगवतो का?

ठाणेकर: आल्प्समधील उंच कुरणांवरील एका लेखाचा अनुवाद करताना मी ‘सेज’ (sedge) या गवतासारख्या वनस्पतीसाठी ‘लव्हाळा’ योजला. लव्हाळा नदीकाठचा, तो २,५०० मीटरवर कुठून येणार, असे म्हणून संपादकांनी तो खोडला. लेखातील वनस्पती कॅरेक्स कर्व्हुला आहे. आम्लधर्मी मातीवर ती इतकी दाट पसरते की तेथील वनस्पतिसमूहाला तिचेच नाव मिळाले आहे. ‘गवत’ म्हणावे, तर हिचे खोड त्रिधारी व भरीव आणि पाने तीन रांगांत असतात.

नेरूळकर: पुरात वाकून वाचणाऱ्या लव्हाळ्याची ओळ शाळेपासून पाठ असल्यामुळे आपल्याला नदीकाठच आठवतो. आमच्या गावी मात्र लव्हाळा हे कांद्याच्या शेतातले तण आहे. कितीही खुरपले तरी जमिनीतल्या गाठींतून ते पुन्हा फुटते. संपादकांनी एकदा खुरपे हाती धरावे.

घोडबंदरकर: ते तण म्हणजे सायपरस रोटंडस, अर्थात मोथा. कॅरेक्स त्याच कुळातली असली तरी प्रजाती वेगळी आहे. तिचे मादीफूल एका पिशवीवजा आवरणात बंद असते, मोथ्याचे तसे नसते. ‘कॅरेक्स’ हेच नाव ठेवावे.

वाशीकर: मग मराठीत लिहायचेच कशाला? ‘पर्वतलव्हाळा’ म्हणावे. लव्हाळा हा शब्द ‘लवणे’पासून आला आहे आणि ‘कर्व्हुला’चा अर्थही किंचित वळलेली असाच आहे.

घोडबंदरकर: तिच्या पानांची टोके बुरशीमुळे वाळून वळतात, त्यात नम्रता कसली? ही वनस्पती वाकून नव्हे, तर जागा न सोडता टिकते. बियांपासून नवी रोपे क्वचितच रुजतात, जुना झुबकाच जमिनीलगत नवे फुटवे काढत वर्षाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी सरकतो. स्वित्झर्लंडमधील फुर्का खिंडीच्या परिसरातील अशा एका झुबक्याचे वय १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात सुमारे २,००० वर्षे ठरवण्यात आले.

ठाणेकर: मला पुढचे वाक्यही छळते आहे. जिथे बर्फ उन्हाळ्यात उशिरापर्यंत साचून राहतो तिथे कर्व्हुला मागे हटते आणि बुटकी वाळुंज जमिनीला चिकटून पसरते. वारा बर्फ उडवून नेतो अशा उघड्या डोंगरधारांवर कोब्रेसिया येते, जिला आता कॅरेक्समध्येच धरतात. अशा प्रत्येक ‘कम्युनिटी’ला समुदाय म्हणावे की समाज?

वाशीकर: ‘समाज’ म्हटले की वधूवर मेळावा आठवतो. ‘समुदाय’ बरा.

नेरूळकर: ते राहू द्या. ‘लवणे’पासून ‘लव्हाळा’ झाला, तर मधला ‘ह’ कुठून आला?

वाशीकर: तो नंतर शिरला असावा. माझी आजी ‘लवाळा’च म्हणत असे.

नेरूळकर: आजीचा उच्चार हा पुरावा ठरत असेल, तर माझी आजी ‘लव्हा’ म्हणत असे, आणि त्यात ‘ह’ चांगला ठणठणीत होता.