वक्तृत्व स्पर्धेचं परीक्षण करायचंय, गुण कसे द्यायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडच्या (मालवण तालुका) एका वाचनालयाने १ ऑगस्टच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलंय. पाचवी ते सातवी एक गट, आठवी ते दहावी दुसरा, विषय अर्थातच लोकमान्य टिळक. माझ्यासोबत एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक वकील आहेत. कागद आलाय त्यात आशय ४०, मांडणी २०, भाषा व उच्चार २०, सादरीकरण २०, वेळ पाच मिनिटं आणि चौथ्या मिनिटाला घंटा, एवढंच लिहिलंय, बाकी आम्ही समजून घ्यायचं.

अडचण अशी की अर्धी मुलं तेच भाषण करणार. "आदरणीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो", मग शेंगांची टरफलं, मग जन्मसिद्ध हक्क, आणि "सिंहगर्जना" शब्दाला सगळ्यांचा उजवा हात एकाच उंचीवर जाणार. भाषण बाईंनी नाहीतर पप्पांनी लिहिलेलं, मुलाने घासूनपुसून पाठ केलेलं, एक शब्द चुकत नाही. त्याला आशयाचे ४० पैकी किती?

उलट गेल्या वर्षी एका स्पर्धेला मी नुसती ऐकायला गेले होते (कुठली ते राहू दे) तिथे सातवीतली एक मुलगी तिचे आजोबा जेट्टीवर बसून जाळी विणणाऱ्यांना पेपर कसा वाचून दाखवायचे ते सांगत होती, आणि तिथून ती केसरीवर आली, की ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत पण पेपर पोचतो तो असा. मध्येच अडकली, वर पंख्याकडे बघत राहिली, मग "थांबा हां" म्हणून परत सुरू केलं. पूर्ण मालवणी हेल. नंबर नाही आला. तिच्या कागदावर शेरा होता "भाषा अशुद्ध, सराव हवा". मला तर त्या दिवसाचं तेवढंच भाषण आठवतंय.

अजून दोन गोष्टी. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोन मुली लहान गटात आहेत, त्यांचं काय करू? आणि हॉलला पत्रे आहेत, सर आली की माईक असून शेजारच्याचं ऐकू येत नाही, तेव्हा बोलणाऱ्या पोराचे आवाजाचे गुण कसे द्यायचे?

– वाडीतली

निवृत्त_मास्तर:
ताई, दापोलीकडच्या शाळांमधून बरीच वर्षं हे काम केलंय म्हणून लिहितो. आधी तिघांनी अर्धा तास लवकर जा आणि आशयाला २० म्हणजे काय, ३० म्हणजे काय हे बोलून ठरवा, नाहीतर एकाचा ३० म्हणजे उत्तम आणि दुसऱ्याचा ३० म्हणजे बरा, असा घोळ होतो. पहिल्या तीन-चार मुलांचे गुण पेन्सिलीने लिहा. सुरुवातीला परीक्षक हात आखडता घेतात, "पुढे कोणी भारी येईल" म्हणून, त्यात पहिल्या चिठ्ठीचं पोर मरतं. पाचव्या भाषणानंतर मागे वळून पेन्सिलीचे आकडे बघायचे आणि मगच पेन फिरवायचं.

दुसरं, नुसती बेरीज करू नका. समजा अ ला तुम्ही ७८ दिले आणि ब ला ७५. मुख्याध्यापकांनी ७७ आणि ७५. वकीलसाहेबांनी अ ला ५० आणि ब ला ८०. बेरीज अ २०५, ब २३०. म्हणजे तिघांपैकी दोघांना अ पहिला वाटला आणि ढाल गेली ब कडे, कारण एकाचं पेन सैल होतं. त्यापेक्षा प्रत्येकाने आपापल्या गुणांवरून क्रम लावायचा आणि क्रमांची बेरीज करायची. अ चे १+१+२ म्हणजे ४, ब चे २+२+१ म्हणजे ५. ज्याची कमी तो पुढे. बरोबरी झाली तर आशयाचे गुण बघायचे, हे पण आधीच लिहून ठेवा, निकालाच्या वेळी नाही, तेव्हा पालक दारात उभे असतात.

सोलकढी:
अगो बाय, हेलाचे गुण कापतत ते परीक्षक खयसून आणतत? माझ्या झिलाक पण असाच केल्यानी. पोरगो घराकडे येऊन बोलाचोच बंद झालो दोन दिवस.

गुहागरकर:
सोलकढी +१. पण भावनेच्या भरात तो रकाना सोडून देऊ नका, २० गुण आहेत ते. शब्दाची शेपटी खाल्ली, वाक्य अर्धवट सोडलं, इतकं भरभर बोलला की शेवटच्या रांगेत पोचलंच नाही, याला कापा. हेलाला नाही. आयोजकांना प्रमाण भाषाच हवी असेल तर सूचनापत्रकात तसं छापायला हवं होतं, छापलं नसेल तर स्टेजवर पोर चढल्यावर तो नियम लावता येत नाही. बॅ. नाथ पै वेंगुर्ल्याचे, राजापूर मतदारसंघातून निवडून जाऊन लोकसभा गाजवली त्यांनी, निदान आपल्या पट्ट्यात तरी गावच्या पोराला बोलता येत नाही असं कोणी समजू नये.

तपशिलाच्या चुकांचं पण ठरवा. कोणी टिळकांचा जन्म चिखलगावचा सांगेल, तर ते मूळ गाव, जन्म रत्नागिरी शहरातला, २३ जुलै १८५६. असं पुस्तकातून नाहीतर सरांकडून आलेलं असतं, पाचवीतल्या पोराचा एखादा गुण गेला तर गेला. पण दहावीतला मुलगा गीतारहस्य येरवड्याला लिहिलं म्हणाला तर मी जास्त कापेन. मंडालेत सहा वर्षं (१९०८ ते १४) काढलेल्या माणसावर पाच मिनिटं बोलायचं तर एवढं बघून यायला पाहिजे.

काजूगर:
पाठांतरावर माझं मत जरा वेगळं. पाठ करणं ही पण मेहनतच आहे, आणि कोणी लिहून दिलं ते तुम्ही सिद्ध कसं करणार? नुसत्या संशयावरून गुण कापणं बरोबर नाही. त्यापेक्षा भाषण संपल्यावर सगळ्यांना एकच प्रश्न विचारा, "टिळकांची कुठली गोष्ट तुला पटत नाही किंवा कळली नाही?" एका मिनिटात उत्तर, आशयाच्या ४० मधले १० त्याला. ज्याने समजून पाठ केलंय तो बोलतो, दुसऱ्याला घाम फुटतो.

निवृत्त_मास्तर:
काजूगर, मोठ्या गटाला ठीक, पाचवीच्या पोरांना नको हो. भाषण संपलं म्हणून सुटकेचा श्वास सोडलेलं असतं आणि तुम्ही परत पकडता, एखादं रडेल तिथेच. आणि मोठ्यांना पण निदान आठवडाभर आधी शाळांना कळवायला हवं.

तुमच्या मुलींचं: आधीच आयोजकांना सांगा आणि लहान गट पूर्ण सोडा, तिथे दुसरं कोणीतरी बसवा. "त्या दोघींचेच गुण देत नाही" असं केलंत तर क्रम लागत नाही, एका परीक्षकाच्या यादीत दोन नावं कमी. पावसाचं सोपं आहे, सर आली की घड्याळ थांबवायचं, पोराला खुर्चीवर बसवायचं, पाणी द्यायचं, आणि कमी झाला की शेवटच्या वाक्यापासून सुरू. हे स्पर्धेच्या सुरुवातीलाच माईकवरून सांगून टाका.

वाडीतली:
बापरे, खूपच उपयोगी. लहान गट सोडतेय, सचिवकाकांना आत्ताच फोन केला, ते म्हणाले बाई आधी का नाही सांगितलंत, पण मानलं त्यांनी. प्रश्नाचं मोठ्या गटापुरतं विचारते त्यांना, अजून दिवस आहेत.

एक राहिलं. गुणांशिवाय मुलांना काही लिहून द्यावं असं फार मनात आहे. काय लिहायचं? सगळ्यांना "छान प्रयत्न" लिहिलं तर न लिहिल्यासारखंच.

गुहागरकर:
पाठकोऱ्या कागदाची एक एक चिठ्ठी. वर त्याच्या भाषणातली एक नेमकी जागा जी आवडली, खाली पुढच्या वेळी करायची एकच गोष्ट. तुमच्या त्या जेट्टीवाल्या मुलीला मी लिहिलं असतं, "आजोबांवरून केसरीवर आलीस ते फार आवडलं. अडकलीस की घाबरू नकोस, आधीचं वाक्य परत म्हण, पुढचं आपोआप येतं." बास. पाच चुका लिहिल्या तर पोर एकही वाचत नाही, पालक वाचतात आणि घरी आरती होते. भाषण चालू असतानाच लिहा, नंतर सगळी टरफलं एकमेकांत मिसळतात.

सोलकढी:
आणि चिठ्ठी पोराच्या हातात द्या, सरांकडे नको. सरांकडची पोचणा नाय.

काजूगर:
निकाल सांगायच्या आधी परीक्षकांचं मनोगत असतं ना, ते दोन मिनिटांत आटपा ताई. मुलांचं लक्ष ढालीकडे असतं, त्यांना तेव्हा काहीही ऐकू येत नाही. आणि "सगळेच विजेते" नको, पोरं हसतात.

वाडीतली:
हाहा, नोंद घेतली. क्रम लावायचा तक्ता कोणाकडे मराठीत टाईप केलेला असेल तर प्लीज व्यनि (खाजगी निरोप) करा, तीन परीक्षक आणि साधारण पंचवीस मुलं असा. वकीलसाहेबांना हाताने बेरीज करायला लावायची नाहीये.