मदत हवी आहे: रिव्ह्यूला मॅनेजर 'गप्पा' म्हणतात

हिंगणा_क्वालिटी: प्रत्येक ब्रेकडाउननंतर आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू (काय घडलं, का घडलं, ते टीमनं एकत्र बोलायचं) घ्यायचा प्रस्ताव दिला. साहेब म्हणतात, "गप्पांसाठी लाइन थांबवू का?" सोमवारी परत भेट आहे. काय दाखवू? लवकर सांगा.

पाना_नं_१७: बनतं काय तिथं? पाळ्या किती? साहेब म्हणजे प्लांट हेड की प्रॉडक्शन? काहीच न सांगता काय सांगायचं बावा!

हिंगणा_क्वालिटी: प्रॉडक्शन मॅनेजर. इंजेक्शन मोल्डिंग (साच्यात प्लास्टिकचे भाग बनवतो), तीन पाळ्या. प्रेझेंटेशन तर ४० स्लाइडचं होतं.

तिसरी_पाळी: तिथंच घोळ झाला. एकच कागद न्या. लॉगबुकातून तीन महिन्यांत परत परत आलेला एकच बिघाड निवडा, बंद मिनिटं गुणिले मशीनचा मिनिटाचा दर. परवानगी मागायची ती एका मशीनची, चार आठवड्यांची, पाळी बदलताना १५ मिनिटांची, तीही मशीनपाशी उभ्यानं.

आणि सुरुवात ब्रेकडाउननं नको. त्यात पहिल्याच मिनिटाला "कोणी केलं" येतं. मोल्ड बदल, म्हणजे मशीनवरचा साचा बदलणं, ते घ्या. काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय? शेवटच्या प्रश्नाला निम्मा वेळ. साचा गार ठेवणाऱ्या पाण्याच्या होजवर इन-आउटची खूण नाही, म्हणून उलटे लागले, असं बारीक निघालं पाहिजे. प्रत्येक कामापुढं एक नाव, एक तारीख. "मेंटेनन्स बघेल" लिहिलं की काम मेलं. साहेबांनी शेवटी बोलायचं. तिथलं बोलणं मेमोत आलं, तर दुसऱ्या दिवसापासून सगळे मुके.

जुना_ट्रेनर: हे रिव्ह्यू प्रकरण अमेरिकन सैन्याचं, सत्तरच्या दशकातलं. कारखान्याला टीडब्ल्यूआयचं (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन कार्यक्रम) जॉब इन्स्ट्रक्शन, म्हणजे काम शिकवायची पद्धतच बरी: तयारी, करून दाखवणं, करून घेणं, पाठपुरावा. टोयोटानंही तेच उचललं.

तिसरी_पाळी: योग्य पद्धत ठरलेली असेल तर. कारणच माहीत नाही तिथं शिकवणार काय?

जुना_ट्रेनर: अर्धे बिघाड न शिकवल्यानंच होतात.

क्लाउडवाला: मूडल टाका, ऑनलाइन ट्रेनिंगचं सॉफ्टवेअर, फुकट आहे.

पाना_नं_१७: कोणी विचारलं?

वाडीवाला: नागपूरजवळच्या हिंगण्याचेच आहात तर, लोकमान्य नगर मेट्रोपासून सकाळच्या पाळीला ऑटो मिळते काय?

हिंगणा_क्वालिटी: मिळते, शेअरिंगची. पण त्या १५ मिनिटांचा ओव्हरटाइम मागतील नं लोक?

पाना_नं_१७: मागतीलच. आठ जण धरले, तर एका रिव्ह्यूला दोन तास, दुप्पट दरानं चार तासांची मजुरी. तुम्हीच कागदावर लिहा, बंद मिनिटांच्या खर्चाशेजारी. साहेबांनी हा आकडा आधी काढला, तर भेट तिथंच संपेल.