विडी ओढणाऱ्याच्या पायाचं बोट काळं पडतंय, बर्जर (तंबाखूमुळे हातापायांच्या धमन्या बंद पडण्याचा आजार) असेल का?

प्रश्न: पुरुष, वय ३८, रोज दीड बंडल विडी. थोडं चाललं की तळपायाच्या कमानीत गोळा येतो, थांबलं की जातो. आता अंगठ्याशेजारचं बोट निळसर-काळं, नखाजवळची जखम भरत नाही. साखर नॉर्मल. काय तपासावं?

उत्तर १: लक्षणं बर्जरचीच वाटतात. याच आठवड्यात व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन गाठा. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, हे गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर अडथळा. पण बर्जरमध्ये पावलातल्या बारीक धमन्याही बंद होतात, त्यामुळे आकडा बरा आला म्हणून निर्धास्त राहू नका. डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा, लागली तर अँजिओग्राफी.

उत्तर २: विडी ‘कमी’ करून भागत नाही. दिवसाला एक-दोन ओढल्या तरी आजार धुमसत राहतो. मिश्री, तंबाखूही बंद. निकोटिनचं च्युइंगगमसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बायपास बहुतेकदा जमत नाही, कारण जोडायला पुढे धड धमनीच उरलेली नसते.

उत्तर ३: आणि पाय शेकू नका! रक्त कमी, संवेदना कमी. गरम पाण्याच्या पिशवीने कातडी भाजते आणि सकाळी कळतं. सैल सुती मोजे, जखम कोरडी. रात्री पाय पलंगाखाली सोडला की बरं वाटतं, पण ती सुधारणा नव्हे. रक्त उतारावरून खाली येतं इतकंच.

प्रश्नकर्ता: गरम पाण्याची पिशवी चालूच होती. आज बंद.