वाडीवरच्या शाळेत मुलाला विंचू चावला तर पहिल्या तासात नेमकं काय करायचं?

जांभ्याची_भिंत

प्रश्न कोकणातल्या डोंगरी वाड्यांवरच्या शाळांचा आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट २३. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पडवीत चपलांचा ढीग, मागे पोषण आहाराच्या चुलीसाठी रचलेली लाकडं. प्राथमिक आरोग्य केंद्र १४ किलोमीटरवर, त्यातला ४ किलोमीटर कच्चा घाट. ग्रामीण रुग्णालय आणखी पुढे. मोबाइलला रेंज फक्त शाळेमागच्या टेपावर.

मुलानं बस्करपट्टी ओढली, खालून तांबडा विंचू निघाला आणि बोटाला डंख बसला, असं धरा. वय सात वर्षं. मूल किंचाळतंय, बाकीची घाबरून रडतायत. वाडीतली माणसं चिंचोका घेऊन येतात, कुणी विंचू उतरवणाऱ्याला बोलवायला पळतं. त्या वेळी शिक्षकानं कोणत्या क्रमानं काय करायचं? कशावरून ओळखायचं की हे साधं नाही? "दवाखान्यात न्या" एवढं माहीत आहे. न्यायला लागणाऱ्या त्या तासाभराबद्दल विचारते आहे.

खेड्यातला_डॉक्टर

मॅडम, सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की ठेवा. जे मूल बोट धरून जिवाच्या आकांतानं रडतंय, ते बहुतेक वेळा वाचणारं असतं. भीती असते ती गप्प झालेल्या मुलाची. दुखणं फारसं सांगत नाही, पण अंगाला दरदरून घाम, एक-दोन उलट्या, तोंडात लाळ, आणि हातपाय गार. तांबड्या विंचवाचं विष अंगात भिनल्याच्या या खुणा आहेत. घात इथेच होतो. मूल रडायचं थांबलं की माणसं म्हणतात "उतरला विंचू", आणि घरी घेऊन जातात. विंचू उतरलेला नसतो, चढत असतो.

आत काय होतं ते समजलं की घाई कशाची ते कळेल. विषामुळे शरीरातलं अ‍ॅड्रिनलिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं एकदम रक्तात सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून तळहात-तळपाय गार पडतात आणि रक्तदाब चढतो. त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलून हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी साचायला लागतं. मग खोकला, धाप, तोंडाला गुलाबी फेस. घाम-उलटी सहसा पहिल्या अर्ध्या तासापासून दिसते. फुप्फुसात पाणी मात्र काही तासांनीही भरू शकतं, म्हणून "दोन तास झाले, बरं आहे" एवढ्यावर सोडून देऊ नका.

आता क्रम. मुलाला उचलून जागेवरून दूर न्या, चालवू नका. दुसऱ्या शिक्षकानं बाकीच्या मुलांना पटांगणात काढावं, कारण विंचू अजून खोलीतच आहे. डंखाच्या हातातली राखी, गंडा, कडं काढा. जागा साबण-पाण्यानं धुऊन ओल्या गार फडक्यानं शेका. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून, दहा मिनिटं ठेवून पुन्हा काढायचा. दोरी, रुमाल, रिबिन काहीही आवळून बांधायचं नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, रॉकेल नाही, राख नाही. मूल शुद्धीत असेल आणि उलटी थांबली असेल तर घोट घोट पाणी चालतं. घाम आणि उलट्यांनी पाणी बरंच जातं, आणि पुढे जे औषध द्यायचं त्याला अंगात पाणी असणं बरं.

ते औषध म्हणजे प्राझोसिन. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशात ते वापरून दाखवलं. प्राझोसिन येण्याआधी गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत. आता तो आकडा एकेरी, आणि तोही बराच खाली आला आहे. मुलांना मात्रा वजनावर: किलोला ३० मायक्रोग्रॅम. १७ किलोच्या मुलाला ५१० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या साध्या गोळीची अर्धी. हातपाय कोमट होईपर्यंत साधारण तीन-तीन तासांनी पुन्हा. हा हिशेब देण्याचं कारण एवढंच की आरोग्य केंद्रात मुलाचं वजन लगेच सांगता यावं. ही गोळी शाळेच्या कपाटात ठेवून स्वतःहून देऊ नका. पहिल्या मात्रेनं रक्तदाब एकदम उतरू शकतो. ती दिल्यावर मुलाला झोपवून ठेवावं लागतं, कडेवर उभं धरायचं नाही, आणि नाडी-दाब बघायला माणूस लागतो. शिवाय बाजारात सावकाश विरघळणारी, २.५ किंवा ५ मिलिग्रॅमची गोळी जास्त मिळते. ती फोडून किंवा कुटून देण्यासाठी नाही.

विंचवाची लसही आहे, म्हणजे डंखानंतर द्यायचं विषावरचं औषध; मुंबईचं हाफकिन ती बनवतं. महाडमध्येच झालेल्या आणि २०११ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात प्राझोसिनसोबत लस दिलेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनवाल्यांपेक्षा लवकर बरे झाले. तेव्हा दोन्ही जिथे आहे तिथे पोचणं उत्तम. पण लस नाही म्हणून प्राझोसिन थांबवायचं कारण नाही.

केंद्रशाळा_निवृत्त

डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं. मी शाळेच्या बाजूचं सांगतो, कारण वेळ खरा तिथेच जातो.

मुलांची वजनं शाळेत असतातच. आरोग्य तपासणीला पथक येतं तेव्हाची नोंद असते. त्यावरून नाव आणि वजन एवढाच तक्ता एका कागदावर करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. सहा महिन्यांनी बदला. घाईत नोंदवही कुणी शोधत नाही.

१०८ ला फोन कुणी करायचा ते आधी ठरवा. रेंज टेपावर असेल तर तिथे पळणारा माणूस ठरलेला हवा, आणि त्याच्याकडे पाठ असलेला पत्ता हवा: गाव, वाडी, फाटा, रस्त्यावरची मोठी खूण. रुग्णवाहिका घाट चढून येईपर्यंत थांबायचं नाही. वाडीतली जीप किंवा रिक्षा काढून अर्ध्या वाटेवर भेटायचं आणि तसं फोनवर सांगायचं. दुचाकीशिवाय इलाज नसेल तर मूल दोघांच्या मध्ये, मागच्यानं घट्ट धरलेलं. धाप लागली असेल तर आडवं करू नका, टेकवून बसवा.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी एकदा आरोग्य केंद्रात जाऊन तीनच गोष्टी विचारा: प्राझोसिनची साधी १ मिलिग्रॅमची गोळी आहे का, विंचवाची लस आहे का, रात्री-सुट्टीला डॉक्टर असतात का. यातलं काही नसेल तर मूल थेट ग्रामीण रुग्णालयात न्यायचं, हे पालकसभेत आधीच बोलून ठेवा.

जाताना एका कागदावर डंखाची वेळ, पहिली उलटी कधी, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार झाले, हे घड्याळ बघून लिहा. दर दहा मिनिटांनी आपला हात मुलाच्या तळपायाला लावा. तळपाय गार आणि कपाळ ओलं, एवढं ज्याला कळलं त्याला पुढचं डॉक्टरांना सांगता येतं.

पाटाचं_पाणी

आमच्याकडे डंखाच्या वर दोरी आवळतात आणि चिंचोका घासून लावतात. तो चिकटतो आणि विष ओढतो म्हणतात. दवाखान्यात न्यायच्या आधी एवढं करायला काय हरकत?

खेड्यातला_डॉक्टर

दादा, चिंचोका घासला की चिकट होतो म्हणून ओल्या कातडीला चिकटतो. विष तोवर आत गेलेलं असतं. चिंचोक्यानं इजा होत नाही, पण त्यात वीस मिनिटं जातात. दोरीनं मात्र इजा होते. बोट काळंनिळं पडतं, विष काही थांबत नाही.

विंचू उतरवणाऱ्यांकडे बरे होणारे जास्त का दिसतात, तेही सांगतो. पुष्कळ डंखांत विष थोडंच जातं आणि वेदना काही तासांत आपोआप ओसरते. घरच्यांना बरं वाटण्यासाठी त्यांना बोलवायचंच असेल तर गाडीत सोबत घ्या. गाडी थांबवू नका.

अजून एक. डंख कशाचा ते कुणी पाहिलं नसेल तर साप समजूनच चाला. मण्यारीच्या चाव्याला वेदना नसल्यातच जमा असते, म्हणून "दुखत नाही" हा पुरावा धरू नका. साप असेल तर हात-पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवायचा. घाई दोन्हींत सारखीच.

कातळवाट

विंचू ओळखण्याबद्दल. इंगळी, म्हणजे तो मोठा काळा, बघून मुलं जास्त घाबरतात. त्याचे पुढचे चिमटे जाड असतात. दुखतं भरपूर, पण जिवावर क्वचित बेततं. तांबडा दोन-तीन इंचांचा, चिमटे काडीसारखे बारीक आणि शेपूट जाड. शेपूट जाड, चिमटे बारीक, तो वाईट. मारला असेल तर बाटलीत घालून सोबत न्या, पण तो शोधत बसू नका.

शाळेत तो येतो ते लपायला. जांभ्याच्या भिंतीत दगडांमधला चुना झडला की बोटभर फटी राहतात. त्या सिमेंटनं दर्जा भरून बंद करा, जमिनीपासून छातीपर्यंत तरी. दारांच्या खाली रबराची पट्टी. लाकडं भिंतीला टेकवून रचू नका. दीड-दोन फूट उंच मांडणीवर, भिंतीपासून हातभर दूर. चपला जमिनीवर न ठेवता फळीवर, आणि पाय घालण्याआधी उलटी करून आपटायची. दप्तरं खुंटीला, तोंड बंद. बस्करपट्ट्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या ठेवल्या की रात्रभरात विंचवाचं घर होतं. दोरीवर टांगा, आणि सकाळी मोठ्या माणसानं लांबून काठीनं झटकून मग मुलांना द्या. उन्हाळ्यात आणि भातकापणीच्या दिवसांत जास्त जपा. फवारणीवर विसंबू नका, औषधानं विंचू सहजी मरत नाही.

जांभ्याची_भिंत

सगळ्यांचे आभार. वजनांचा तक्ता आजच करते. अंधारात विंचू चमकतो असं ऐकलंय, ते शाळेसाठी उपयोगाचं आहे का?

कातळवाट

हो, फार उपयोगाचं. नोटा तपासायला वापरतात ती जांभळ्या उजेडाची बॅटरी घ्या. अंधार पडल्यावर भिंतीच्या फटी, लाकडांची रास, संडासाचा कोपरा, पाण्याच्या टाकीखाली सावकाश फिरवा. विंचू हिरवट-निळसर उजळतो, चार-पाच फुटांवरून स्पष्ट दिसतो. नुकती कात टाकलेला चमकत नाही, तेव्हा काही दिसलं नाही म्हणजे काही नाही असं धरू नका. फटीत हात घालायचा नाही. फूटभर लांब चिमटा आणि रुंद तोंडाची गुळगुळीत प्लास्टिकची बरणी घ्या, तिच्या भिंतीवर विंचवाला चढता येत नाही. मादी असेल तर पाठीवर पांढरी पिल्लं असतात. बरणी आडवी करून तिला अलगद आत लोटायचं, झटका दिला तर पिल्लं खाली सांडतात. बॅटरी मुलांच्या हातात देऊ नका, तो उजेड डोळ्यांना बरा नाही. सुट्टीनंतर शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी एक फेरी मारा, आणि जिथे सापडला ती फट दुसऱ्या दिवशी भरून घ्या.