रीस्टार्ट मारण्याआधी चालू प्रोसेसचा मेमरी मॅप पाहायलाच हवा

धरमपेठकर

मृग बहाराची संत्री बाजारात यायला लागली की आमचा सर्व्हर आडवा पडायचा. अडत्यांच्या हिशेबपट्ट्या छापणारा प्रोग्राम आमचाच, चूकही आमचीच. दुपार झाली की 'मेमरी अपुरी' असा एरर, आणि मशीनवर निम्मी रॅम मोकळी. तीन आठवडे एकच उपाय केला, रीस्टार्ट. टेस्ट मशीनवर व्हॅलग्राइंड (मेमरीची गळती शोधणारं टूल) लावलं तर मॅलॉक-फ्रीचा, म्हणजे घेतलेल्या आणि परत केलेल्या मेमरीचा, हिशेब चोख जुळत होता.

शेवटी चालू प्रोसेसवर, म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रामवर, पीमॅप चालवलं. ही कमांड मेमरी मॅप दाखवते: प्रोसेसच्या कोणत्या पत्त्यांवर काय ठेवलंय त्याची यादी. आधी नजर भलतीकडेच गेली. 132 केबीचा एक तुकडा, त्याला चिकटून 65404 केबीचा दुसरा, अशा जोड्या एकीखाली एक. बेरीज बरोबर 64 एमबी. वाटलं, हाच चोर. पण ते जीलिबसीचे (लिनक्सच्या सी लायब्ररीचे) अरेना, म्हणजे मॅलॉकचे राखीव पट्टे निघाले. थ्रेडसाठी (प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या कामासाठी) तिथे पत्त्यांची जागा राखून ठेवलेली असते, रॅम नाही. आरएसएसच्या (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेल्या भागाच्या) रकान्यात जवळपास काही नव्हतं. खरी गोम खाली होती. पट्टीच्या मराठी फॉन्टची एकच फाइल हजारो वेळा मॅप झालेली! दर पट्टीला एममॅप (फाइल मेमरीत जोडणं), अनमॅप (ती सोडणं) कधीच नाही. मॅपच्या ओळी मोजल्या (एक ओळ म्हणजे एक मॅपिंग), 65 हजारांच्या वर. लिनक्स एका प्रोसेसला डीफॉल्टने 65530 मॅपिंग देतं. ती संपली की रॅम कितीही असो, एममॅप नकार देतो. व्हॅलग्राइंडला ही गळती दिसली नाही, कारण ते मॅलॉकने दिलेल्या तुकड्यांचाच हिशेब ठेवतं.

रीस्टार्ट केला की हा सगळा पुरावा पुसला जातो. तीन आठवडे आम्ही तो रोज पुसत होतो. म्हणून माझ्या मते नियमच हवा: आधी मॅप, मग रीस्टार्ट.

मिहानवाली

भाऊ, बग शोधलात ते उत्तमच. पण याचा नियम करू नका. मी सिक्युरिटीत काम करते. चालू प्रोसेसमध्ये डोकावायची सवय लागली की माणूस मॅपवर थांबत नाही. उद्या जीडीबी (डीबगर) जोडतो, परवा अख्खा डंप, म्हणजे मेमरीतल्या मजकुराची प्रत, काढून लॅपटॉपवर नेतो. त्यात अडत्यांचे खाते क्रमांक, टीएलएसच्या (एन्क्रिप्टेड जोडणीच्या) गुप्त की, सगळं उघडं. 2014 चा हार्टब्लीड, ओपनएसएसएल लायब्ररीतला बग, आठवा. एका विनंतीमागे फार तर 64 केबी मेमरी बाहेर यायची, तरी त्यातून प्रायव्हेट की काढून दाखवल्या लोकांनी. आणि नुसता मॅपही निरुपद्रवी नाही. हल्लेखोराला सापडू नयेत म्हणून एएसएलआर पत्ते विस्कटून ठेवतं, मॅप ते सगळे ओळीने सांगतो. आमच्याकडे लाइव्ह सर्व्हरवर ही परवानगी कुणालाच नाही आणि ते योग्यच आहे.

धरमपेठकर

ताई, डंपबाबत तुमचं शंभर टक्के मान्य. पण मॅपमध्ये मजकूर नसतो, फक्त पत्ते, वाचा-लिहा-चालवा या परवानग्या आणि फाइलींची नावं. दुसऱ्या साध्या यूझरला मॅपची ती फाइल (मॅप्स) उघडतही नाही. ज्याला उघडते, त्याला ती प्रोसेस मारताही येते. मारायची मुभा द्यायची आणि पाहायची नाही, हे मला पटत नाही.

महालचा डीबीए

काहून राजेहो, याच्या किमतीबद्दल कोणीच बोलत नाही? मॅप्स फाइल वाचणं स्वस्त आहे, एसमॅप्स (तीच यादी, रॅमच्या आकड्यांसह) नाही. त्यात आरएसएस-पीएसएसचे आकडे (पीएसएस म्हणजे सामायिक मेमरी वाटून धरलेला आकडा) द्यायला कर्नलला, लिनक्सच्या गाभ्याला, मेमरीच्या पेज-पेज म्हणजे तुकड्या-तुकड्यावर फिरावं लागतं. 64 जीबीचा डेटाबेस धरा, पेज 4 केबीचं, म्हणजे दीड कोटीहून जास्त पेजेस. फिरताना प्रोसेसचं मेमरी मॅपचं लॉक घ्यावं लागतं, तोवर मॅपमधले बदल अडकतात. दर मिनिटाला एसमॅप्स वाचणाऱ्या स्क्रिप्टमुळे क्वेऱ्या अडकलेल्या मी स्वतः पाहिल्यात. 4.14 कर्नलपासून, म्हणजे 2017 पासून, एसमॅप्स रोलअप आहे. बेरीज एका जागी मिळते, पण फेरी तेवढीच. आणि भाऊ, तुम्ही आरएसएस पाहिलंत म्हणजे पीमॅपला एक्स ऑप्शन दिलं असणार. ते एसमॅप्सच वाचतं. 65 हजार मॅपिंगच्या प्रोसेसवर, तेही भर गर्दीत! हे मी होऊ दिलं नसतं.

ओएस शिकवणारी

मी इंजिनिअरिंगच्या पोरांना फळ्यावर प्रोसेसच्या मेमरीचे चार चौकोन काढून देते: टेक्स्ट, डेटा, हीप (मॅलॉकची जागा), स्टॅक. पोरं तेच घेऊन नोकरीला लागतात, मग हीपमध्ये गळती नाही म्हणजे गळतीच नाही असं समजतात. यंदा पहिल्याच प्रॅक्टिकलला स्वतःच्या लॅपटॉपवर ब्राउझरचा मॅप उघडायला लावणार आहे.

मिहानवाली

धरमपेठकर भाऊ, एक पाऊल मी पुढे येते. रीस्टार्टच्या स्क्रिप्टमध्येच एक ओळ टाका, प्रोसेस मारण्याआधी मॅप्सची कॉपी. ती फक्त रूटला (मशीनच्या मुख्य अ‍ॅडमिनला) वाचता यावी, सात दिवसांनी पुसली जावी. कुणी हाताने लॉगिन करायचं नाही. डंपला मात्र माझा नकारच.

धरमपेठकर

चालेल. फक्त सोबत एसमॅप्सही हवं. आरएसएसचा रकाना नसता तर आम्ही अजून त्या 64 एमबीच्या जोड्यांमागेच लागलो असतो.

महालचा डीबीए

मारायच्याच प्रोसेसवर क्षणभर लॉक घेतलं तर माझी हरकत नाही. दर मिनिटाला पाहायचं असेल तर मॅप्सच्या ओळी मोजा आणि 50 हजारांवर अलार्म लावा.