बिडावर सिलिकॉन ब्राँझ पसरत नाही, टिगने गोळ्याच होतात

जुनालेथ
नमस्कार. माझ्या छोट्या लेथच्या बिडाच्या पायाचा एक कान तुटलाय. तुकडा सापडत नाही, म्हणून त्या जागी ६ मिमीची एमएस (साध्या स्टीलची) पट्टी जोडायची आहे. आधी टिगने (टंगस्टनच्या टोकातून विजेचा आर्क पाडून, आर्गॉन वायूच्या आडोशाने होणारं वेल्डिंग) साध्या स्टीलच्या फिलरने, म्हणजे भरायच्या रॉडने, टाका मारला. गार होताना 'टिक' असा आवाज आला आणि टाक्याला लागूनच बिडात केसासारखी चीर गेली. मग गॅस ब्रेझिंगची (मूळ धातू न वितळवता नुसती रॉड वितळवून जोडायची) पितळी रॉड पडून होती ती टिगखाली धरली. पांढरा धूर, फटफट उडणारे थेंब आणि टंगस्टनचं टोक काळं! आता सिलिकॉन ब्राँझची २.४ मिमी रॉड आणली आहे. पट्टीवर ती छान पसरते, बिडावर मात्र पाऱ्यासारख्या गोळ्या होऊन बसते. डीसी, १४० अँपिअर, शुद्ध आर्गॉन. बीड ग्राइंडरने चकचकीत घासलंय. हा लेथ मी एकेक भाग धुऊन उभा केलाय, पाय टाकून द्यायला मन होत नाही. कुठे चुकतंय?

बारीकपत्रा
निकेलच्या रॉडने साधं आर्क वेल्डिंग करा. थोडा थोडा टाका, लगेच हातोडीने हलकं ठोकायचं, गार होऊ द्यायचं, मग पुढचा. बिडाला आम्ही तेच करतो.

टाकणखार
निकेल चालेल, पण हातातली ब्राँझ रॉड या कामाला उत्तम आहे. सोडू नका.

तुमचा घोटाळा 'चकचकीत' या शब्दात आहे. बिडात ग्राफाइट असतं. ग्राइंडरचं चाक ते पृष्ठभागावर फासून टाकतं, पेन्सिलीने कागद घासल्यासारखं. डोळ्यांना चमक दिसते, ब्राँझला मात्र काजळी लागते. कार्बाइड बर (कातणारं दातेरी फिरतं टोक) किंवा नवी कानस घ्या आणि कातून काढा. त्याआधी तेल काढा. लेथचा पाय वर्षानुवर्षं तेल पितो. धुऊन भागत नाही, गॅसच्या टॉर्चने हळूहळू तापवा, तेल घामासारखं वर येतं, पुसा, पुन्हा तापवा. तीन-चार वेळा तरी.

दुसरं म्हणजे करंट. सिलिकॉन ब्राँझ ९६५ अंशांच्या सुमारास मऊ पडायला लागतं आणि १०२५ च्या आसपास पूर्ण पातळ होतं. बीड साधारण ११५० ला वितळतं. एवढ्याच फटीत काम उरकायचं असतं. १४० वर तुम्ही बीडच वितळवताय. वितळलेलं बीड ब्राँझमध्ये मिसळलं की थेंब घट्ट होतो, आणि कडेला पांढरं, काचेसारखं ठिसूळ बीड तयार होतं. पहिली चीर गेली ती याच जातीची. वेल्डिंगला जेवढा करंट लावला असता त्याच्या निम्म्याच्या आसपास या, करंट कमीजास्त करायचं पायाचं पेडल असेल तर उत्तम. आर्क बिडावर रोखू नका. आधी पट्टीच्या बाजूला ब्राँझचा थेंब बनवा, आर्क त्या थेंबावरच ठेवा आणि थेंबाला बिडावर चालू द्या. रॉड थेंबात बुडवायची, आर्कमध्ये नाही. बीड मंद लाल दिसलं की ब्राँझ आपणहून पाय पसरतं. तो क्षण एकदा दिसला की मग विसरत नाही!

सांध्याची ताकद चिकटलेल्या क्षेत्रफळावर आहे, खोलीवर नाही. म्हणून कान तुटलेल्या जागी रुंद, उथळ उतार द्या आणि धारा गोल करा. उभी तुटकी कड तशीच ठेवली तर ब्राँझ तिथूनच सुटेल. आख्खा पाय २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवून सुरुवात करा, आणि काम झालं की कोरड्या वाळूत पुरून ठेवा. घाईने पंख्याखाली ठेवू नका, ही माझी विनंती समजा.

पितळी रॉड का उडाली तेही सांगतो. पितळात जस्त असतं, ते ९०७ अंशांना उकळतं. टिगच्या आर्कपुढे ते टिकतच नाही. तो पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो, मी भोगलंय. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) भागावर काम असेल तर आधी जस्त काढा. आणि फ्लक्सची (सांधा साफ ठेवणारी) पावडर लावलेली रॉड टिगखाली कधीच नको, टंगस्टन लगेच खराब होतं.

जुनालेथ
बरने कातलं, चार वेळा तेल काढलं (तिसऱ्या वेळीही फडकं तपकिरी होत होतं), ७५ अँपिअरवर केलं. पहिला इंचभर पुन्हा गोळी झाली, तो कापून काढला. मग ब्राँझ खरंच पसरलं, कडा लोण्यासारख्या बिडात विरल्या. वाळूतून सकाळी काढला, चीर नाही. मनापासून आभार.

एक विचारतो. याच रॉडने १.५ मिमी स्टेनलेस नळी तांब्याच्या पत्र्याला लावता येईल का?

टाकणखार
लागेल, पण जपून. तांबं स्वतः १०८५ ला वितळतं, म्हणजे ब्राँझ पातळ झाल्यावर जेमतेम ६० अंश हातात उरतात. वर तांबं उष्णता स्टेनलेसच्या कैक पटींनी ओढून नेतं, त्यामुळे आर्कचा रोख तांब्याकडे ठेवावा लागतो आणि नळीला फक्त कडेची ऊब द्यायची. नळी घट्ट आवळून ताणात ठेवू नका. वितळलेलं तांबं तापलेल्या, ताणलेल्या स्टेनलेसच्या कणांच्या सीमांमध्ये शिरतं आणि आतून तडे पाडतं, वरून दिसतही नाहीत.

मी असतो तर इथे टिग बाजूला ठेवलं असतं. ५६ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली रॉड, स्टेनलेसचा फ्लक्स आणि गॅस टॉर्च. ६५० अंशांच्या आसपास काम होतं, पत्रा वाकत नाही. नळी पत्र्यातल्या भोकात जेमतेम सरकेल एवढीच फट ठेवा, चांदी स्वतः आत ओढली जाते. नंतर गरम पाण्याने फ्लक्स पूर्ण धुवा, राहिला तर सांधा खातो.