मदत हवी आहे: तिरक्या फोटोतल्या बोर्डावर डिझाइन नीट बसेना

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या एका चप्पल दुकानाचा नवा बोर्ड करतोय. छापायच्या आधी तो दुकानावर कसा दिसेल, हे मालकांना फोटोत बघायचंय. फोटो त्यांनीच मोबाइलवर काढलाय, चांगलाच तिरका. (त्या गर्दीत समोरून काढणार तरी कसा म्हणा!)

बोर्ड १२ बाय ३ फूट, डिझाइनही ४:१ मापातच आहे. फोटोशॉपमध्ये डिझाइनचा स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ डिझाइन आत जपणारा, नंतर बदलता येणारा लेयर) करून डिस्टॉर्टनं (प्रत्येक कोपरा वेगळा ओढायची सोय) चारही कोपरे जुळवले. कोपरे बसतात, पण मधे खालच्या कडेला जुना बोर्ड डोकावतो. वाइड लेन्समुळं फोटोतली कड किंचित बाकदार आलीय, डिस्टॉर्टची कड मात्र सरळच राहते.

आता आधी लेन्स करेक्शननं फोटोतला बाक काढावा, की डिझाइनलाच वार्प (वाकवायची सोय) द्यावा? वार्प दिला की अक्षरं लाटेसारखी दिसतात, ते मला पटत नाही.

दुसरं, बोर्डाची बाजूची जाडीही दिसते. व्हॅनिशिंग पॉइंटमध्ये (पेस्ट केलेलं डिझाइन फोटोतल्या कोनात बसवणारा फिल्टर) ती बाजू सहज ओढून घेता येते, पण तो स्मार्ट ऑब्जेक्टवर चालत नाही. मालक रोज रंग बदलतात, दर वेळी सगळं परत पेस्ट करायचं का? तुम्ही कसं करता?